विश्वास आणि कृती: अभ्यासगट कसा घ्यावा

पुण्यातल्या मंडळीत (चर्चमध्ये) ख्रिस्ती नीतीवर चर्चा घ्यायची तर आठ-दहा माणसं आणि सव्वा तास पुरेसा होतो. नियमांच्या यादीने सुरुवात करू नका; सगळी चर्चा 'चालतं की नाही' यावर अडते.

आधी बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं रोमकरांस ३:२८ मोठ्याने वाचा (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही, विश्वासाने नीतिमान ठरतो), लगेच याकोबाच्या पत्रातलं याकोब २:२४ (केवळ विश्वासाने नाही, कृतींनी नीतिमान ठरतो). दोन्ही वचनं एकमेकांना छेद देतात असं वाटेल. घाईने जुळवू नका, पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग दाखवा की पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात आणि उत्पत्ती १५:६ उद्धृत करतात. पौल तिथेच थांबतो: देवाने स्वीकारलं ते विश्वासामुळे. याकोब उत्पत्तीच्या २२व्या अध्यायातल्या, अब्राहामाच्या मुलाच्या म्हणजे इसहाकाच्या अर्पणापर्यंत जातो: तो विश्वास जिवंत होता हे कृतीत दिसलं. आमच्या मते गलतीकरांस ५:६ इथे वाचावं, आधी नाही. प्रीतीतून काम करणारा विश्वास.

आता एकच प्रसंग घ्या. कोथरूडमधल्या घरी धुणंभांडी करणारी बाई आजारपणात चार दिवस आली नाही. पगार कापायचा का? उत्तर आल्यावर 'का?' विचारा, पुन्हा एकदा विचारा. दुसऱ्या उत्तरातच विश्वास कुठे आहे ते कळतं. 'प्रार्थना करू' एवढंच कोणी म्हटलं, तर याकोब २:१५-१६ वाचा: उपाशी माणसाला काही न देता नुसत्या शुभेच्छा देऊन काय उपयोग?

वेळ उरला तर कृतीत दिसलेल्या विश्वासाचं उदाहरण म्हणून पंडिता रमाबाई: १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या, केडगावला आसरा उभारला.