काज-बटणाची भाषा: ससा काय म्हणतोय ते कसं ओळखावं

मी घरी ब्लाउज शिवते. सोलापुरात, पहिल्या मजल्यावर, एकाच खोलीत माझं मशीन आणि दोन ससे. पांढरी, लाल डोळ्यांची ती काज आणि करडा तो बटण. लेकीने बाजारातून आणले तेव्हा विकणारा म्हणाला होता, "दोन्ही माद्या आहेत, बिनधास्त ठेवा." त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

कुत्रा भुंकतो, मांजर पायात घोटाळून दूध मागते. ससा गप्प. दुखत असलं तरी गप्प, कारण रानात जो दुखणं दाखवतो त्याच्यावरच आधी झडप पडते. त्यामुळे त्याच्याकडे बघायला शिकावं लागतं आणि त्यासाठी खाली बसावं लागतं, अगदी फरशीवर. पहिले आठ दिवस रोज पंधरा मिनिटं नुसतं बसा. हातात तुरपाईचं काम घ्या हवं तर. उचलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. आपला ससा निवांत असताना कसा बसतो, कान कुठे ठेवतो, नाक किती भराभर हलवतो हे एकदा डोळ्यांत बसलं, की जरा काही बिनसलं तरी लगेच खटकतं.

हात पुढे करताना नाकासमोरून करू नका. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मागचं, वरचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं, पण नाकाच्या अगदी पुढ्यातलं दिसत नाही. तिथे एकदम बोटं आली की तो दचकतो, कधी चावतोही. बाजूने हात न्या आणि कपाळावर ठेवा. त्याने डोकं खाली टेकवलं तर 'कुरवाळ' असं समजायचं, आणि थांबलात तर तो नाकाने हाताला ढुसणी देतो. काज कधीकधी एका जागी बसून डोकं डावीउजवीकडे झुलवते. मला वाटायचं, हिच्या डोक्यात काही बिघडलंय. लाल डोळ्यांच्या सशांची नजर मुळात कमी असते, अंतराचा अंदाज घ्यायला ते तसं डोलतात.

कानांवरून बरंच कळतं. दोन्ही ताठ आणि पुढे वळलेले म्हणजे काहीतरी ऐकतोय. एक पुढे, एक मागे म्हणजे अर्धं लक्ष तुमच्याकडे. मागे पडलेल्या कानांत मात्र गफलत होते. अंग सैल असेल तर विश्रांती. अंग ताठ, शेपूट वर आणि कान पाठीला घट्ट चिकटलेले असतील तर राग, आणि पुढच्या क्षणाला 'घुर्र' करून अंगावर येणार. पिंजऱ्यातलं ताट उचलायला गेलं की काज हे हमखास करते. तिचं घर आहे, तिचं बरोबर आहे. ती बाहेर आली की मगच साफसफाई करायची. लोंबत्या कानांचा ससा असेल तर कानांवर फार भिस्त ठेवू नका, बाकीचं अंग बघा.

मागचा पाय धाडकन आपटणं म्हणजे धोक्याची सूचना. आपल्या गोष्टींतला, कासवाशी शर्यत लावणारा ससा उघड्या माळावर राहतो. हे पाळीव ससे मात्र युरोपातल्या, बिळात कळपाने राहणाऱ्या सशांचे वंशज. एकाने वर पाय आपटला की बिळातल्यांना जमिनीतून हादरा कळतो. आमच्याकडे कुकरच्या शिट्टीला पाय आपटला जातो, आणि दिवाळीत तर रात्रभर. त्या वेळी रागावायचं नाही, जवळ बसायचं, खिडक्या लावायच्या आणि लपायला खोका द्यायचा. पकडायला म्हणून मागे धावू नका. मी एकदा धावले आणि 'ससेहोलपट' हा शब्द कुठून आला ते कळलं.

आनंद ओळखायला शिकवावं लागत नाही. धावताधावता हवेत उडी घेऊन कमरेत पिळा मारतो तो खूश ससा. चालताचालता एकदम कुशीवर धप्पकन आडवा होतो तोही खूश. बटणने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी कैची टाकून धावले, वाटलं गेला. तो झोपला होता. डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे झोप नाकावरून ओळखायची. नाक हलायचं थांबलं किंवा अगदी मंद झालं की लागली झोप.

मशीनच्या पायडलला, कापडाच्या गठ्ठ्याला, माझ्या पायाच्या अंगठ्याला हनुवटी घासणं म्हणजे 'हे माझं'. हनुवटीखाली वासाच्या ग्रंथी असतात. पायांभोवती गोलगोल फिरणं मात्र निराळं. बटण काजभोवती हुंकार देत गरागरा फिरायचा आणि आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढायचो. ते वयात आल्याचं लक्षण होतं. मग काज तोंडात गवत गोळा करायला, पोटाचे केस उपटायला लागली आणि आमच्या घरात पाच पिल्लं आली. सशाचे दिवस महिनाभरातच भरतात. विकणाऱ्याचा शब्द धरू नका, डॉक्टरांकडून नर-मादी बघून घ्या. आता दोघांचीही नसबंदी झालीय. (एकटी मादीसुद्धा पोटात काही नसताना घरटं बांधते, हेही लक्षात ठेवा.)

मांडीवर उताणा केला की ससा गप्प पडतो, त्याचे व्हिडिओ लोक हौसेने बघतात. तो गारठलेला असतो भीतीने. करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चारी पाय पोटाखाली घेऊन बसण्याला आम्ही घरात 'मोदक' म्हणतो. मोदक निवांत असतो. पण दुखणारा ससाही लांबून मोदकासारखाच दिसतो. ऐन लग्नसराईत, अकरा ब्लाउज उरलेले, बटण कोपऱ्यात बसलेला. मी म्हटलं, मोदक झालाय, बसू दे. सकाळी कोथिंबीर तशीच, ताटात एक लेंडी नाही. आतडी थांबली होती. मीच चहाबरोबर बिस्किटं चारायचे आणि गवत कमी पडायचं. चार दिवस सिरिंजने भरवून तो वाचला.

फरक असा: निवांत मोदकाचं अंग सैल पसरलेलं असतं, हाक मारली तर निदान एक कान तरी वळतो. दुखणाऱ्याची पाठ कुबडी, डोळे अर्धवट मिटलेले, गाल आत ओढलेले. तो पुढच्या पायांवर भार देतो, पोट फरशीला दाबतो, उठतो, पुन्हा बसतो. दातांचा आवाज ऐका. कुरवाळताना येणारा बारीक कुटकुट आवाज सुखाचा, मोठा करकर आवाज वेदनेचा. शंका आली तर आवडती काडी नाकाशी धरा. तोंड फिरवलं तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. सशाला ओकता येत नाही आणि दहा-बारा तास पोट रिकामं राहिलं तर जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा लांब पाय पसरून पडलेला ससा ठीक आहे. तोंड उघडून धापा टाकत असेल, कान तापलेले असतील तर ते साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या नाही, आणि डॉक्टरांकडे निघा. एरवी बाटलीत बर्फ करून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवते मी, ते आपणहून टेकतात.

ससे बघणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. आणि माणसांचं किंवा कुत्र्याचं उरलेलं औषध घरच्या घरी देऊ नका, अमॉक्सिसिलिनसारखं साधं औषधही पोटातून दिलं तर ससा मरू शकतो. माझ्याकडे डॉक्टरांचा नंबर मशीनच्या खणाच्या आत खडूने लिहिलेला आहे, मापाच्या टेपच्या शेजारी.