तालुक्याच्या बुद्धिबळ मंडळाचा हिशेब कसा राखावा

कापूस घरात आला की यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्यांत शाळेच्या सभागृहात बुद्धिबळाच्या स्पर्धा भरतात. असे मंडळ नव्याने काढणाऱ्यांनी पट आणि घड्याळे घेण्याआधी फिडेचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा, इतिहास समजून घ्यावा.

किरसान इल्युमझिनोव्ह 1995 पासून 2018 पर्यंत फिडेचे अध्यक्ष होते. सीरियाच्या सरकारला आणि तेथील मध्यवर्ती बँकेला मदत केल्याच्या आरोपावरून अमेरिकेने नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांच्यावर निर्बंध लादले. आर्थिक व्यवहारांतून आपण बाजूला होत असल्याचे त्यांनी जाहीर केले, पण खुर्ची सोडली नाही; परिणामी 2018 मध्ये स्विस बँकेने फिडेची खाती बंद करण्याचा निर्णय घेतला. एका माणसावरील ठपक्याची झळ साऱ्या संस्थेला बसली. म्हणून आपल्या मंडळाच्या घटनेत अध्यक्षपदाची मुदत ठरवावी आणि गंभीर आरोप असलेल्या पदाधिकाऱ्याने चौकशी संपेपर्यंत पद सोडावे, असे स्पष्ट लिहावे. पदाधिकारी बदलल्यास 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल दाखल करावा, अन्यथा जुन्याच नावांवर खाते अडकून राहते.

बँक खाते मंडळाच्याच नावाचे असावे आणि धनादेशावर दोन सह्या लागाव्यात. मी पूर्वी ज्या मंडळात होतो, तेथे प्रवेश शुल्काची रोकड खजिनदाराच्या घरी राहत असे. तो माणूस प्रामाणिक होता, तरीही कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नसल्यामुळे संशय वाढला आणि मुलांची स्पर्धा बंद पडली. ते मला अजून सलते. क्रमांक घातलेले पावतीपुस्तक, रोजची कीर्द आणि दरवर्षी लेखापरीक्षण, यांत कधीही सवलत देऊ नये.

निवडणुकीविषयी अधिक सावध राहावे. फिडेमध्ये प्रत्येक देशाला एकच मत असते, त्यामुळे लहान देशांच्या मतांना मोठे मोल येते. 2014 मध्ये अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले गॅरी कास्पारोव्ह आणि फिडेचे तत्कालीन सरचिटणीस इग्नेशियस लिओंग यांच्यातील पाठिंबा व पैशांसंबंधीच्या कराराचा मसुदा फुटला, आणि 2015 मध्ये फिडेच्या नीतिमत्ता आयोगाने दोघांवरही फिडेतील पदे घेण्यास दोन वर्षांची बंदी घातली. आपल्याकडे ‘आमच्या पॅनेलला मत द्या, तुमच्या गावाला पट देतो’ असे कोणी म्हटले, तर ते वचन आमसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि मतदान गुप्त ठेवावे.

स्पर्धेचा जमाखर्च बक्षीस वितरणापूर्वी पालकांसमोर मोठ्याने वाचावा. कृषी सेवा केंद्राच्या देणगीपासून चहाच्या बिलापर्यंत प्रत्येक रक्कम त्यात यावी, आणि त्याची प्रत शाळेच्या फलकावर लावावी.