एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी आठवीच्या मुलांची तयारी कशी करून घ्यावी

नाशिकमधील महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकणाऱ्या आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलाची एनएमएमएस या केंद्र सरकारच्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल पण हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेतून निवड झाल्यास त्याला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरला जातो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र जूनमध्येच काढून ठेवावा, कारण सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड-दिंडोरीत आलेल्या पालकांना ऐन वेळी मजुरी बुडवून त्यासाठी गावी जावे लागते. परीक्षेत बौद्धिक आणि शालेय क्षमतेच्या प्रत्येकी ९० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. शालेय भाग वर्गात होतोच. बौद्धिक भागातील संख्यामालिका, सांकेतिक भाषा आणि आकृत्या यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते, म्हणून रोज अर्धा तास त्यांनाच द्यावा आणि दिवाळीनंतर दर शनिवारी ९० मिनिटांचे घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी.