स्किल लॅबसाठी डमी औषधं बनवताय? या चुका टाळा

स्किल लॅब म्हणजे नर्सिंग-मेडिकलची पोरं मॅनिकिनवर, सरावाच्या पुतळ्यावर, हात बसवतात ती जागा. तिच्यासाठी बाहेरून रेडिमेड डमी औषधांचा किट मागवला की पहिली अडचण हीच, त्यातली बरीच औषधं अमेरिकन पॅकिंगची असतात. तिकडच्या क्रॅश कार्टात, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीत, अ‍ॅड्रेनालिन १० एमएलच्या भरलेल्या सिरिंजमध्ये येतं, आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत जा नाहीतर कोणत्याही नर्सिंग होममध्ये, ट्रेमध्ये १ एमएलचा काचेचा अ‍ॅम्प्युलच सापडणार, १ एमजीचा, तो फोडायचा, ओढायचा आणि हवा तर डायल्यूट करायचा. पोरं किटवर शिकतील एक आणि वॉर्डात करतील भलतंच. म्हणून डमी घरीच बनवणं बरोबर आहे आणि स्वस्तही पडतं, फक्त ते करताना लोक ज्या चुका करून राहिले ना, त्यातल्या काही निव्वळ वैतागाच्या आहेत आणि एक-दोन खरोखर जिवावर बेतणाऱ्या.

जिवावर बेतणारी आधी. डमी इतकं हुबेहूब बनवायचं की कोणालाच कळू नये, असा काहींचा अट्टहास असतो. नको राजेहो. २०१४ च्या शेवटी अमेरिकेत ट्रेनिंगसाठी बनवलेल्या सलाईनच्या पिशव्या खऱ्या सलाईनच्या जागी दवाखान्यांत पोचल्या आणि ४० च्या वर पेशंटना लागल्या. ते पाणी निर्जंतुक नव्हतं, पेशंटना थंडी वाजून ताप भरला, काहींना ॲडमिट करावं लागलं, एक मृत्यूही त्या प्रकरणात नोंदला गेला, शेवटी तिथल्या एफडीएला, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याला, सगळ्यांना इशारा द्यावा लागला. आणि ही कंपनीने बनवलेली वस्तू होती, आपण तर कॉलेजच्या टेबलावर बसून बनवतो. हाताला आणि कामाला डमी खरं वाटलं पाहिजे, म्हणजे वाचणं, फोडणं, ओढणं, हिशेब करणं सगळं खऱ्यासारखं, पण चुकून वॉर्डाच्या ट्रेमध्ये गेलंच तर रात्रपाळीतल्या झोपाळलेल्या सिस्टरलाही लांबून दिसलं पाहिजे की हे आपलं नाही. प्रत्येक नगावर एकाच भडक रंगाचा पट्टा आणि त्यावर 'फक्त ट्रेनिंगसाठी, पेशंटला देऊ नये' असं मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. पट्टा बाटलीच्या गळ्याला नको, औषधाच्या नावाला लागूनच लावा, कारण सुई टोचताना माणूस नाव बघतो. याने सीनचा, म्हणजे सरावाच्या प्रसंगाचा, मजा जातो अशी तक्रार येते, मला ती पटत नाही, दहा मिनिटांनी पोरांना तो पट्टा दिसेनासा होतो.

दुसरी चूक वॉर्डातून रिकाम्या व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या बाटल्या, गोळा करण्याची. फुकट मिळतात म्हणून इन्चार्ज सिस्टरला सांगून पिशवीभर आणायच्या, धुवायच्या आणि भरायच्या. त्यात तळाशी खऱ्या औषधाचे थेंब उरलेले असतात, व्हेक्युरोनियम, म्हणजे श्वासाचे स्नायूही लुळे पाडणारं औषध, असेल तर काय कराल? रबर आधीच चार वेळा टोचलेलं, त्याचे तुकडे सुईत अडकतात. शिवाय तो बायोमेडिकल कचरा आहे, काचेचा माल निळ्या डब्यात जायला पाहिजे, तुमच्या कपाटात नाही. एक्स्पायरी झालेली खरी औषधं वापरणं तर त्याहून वाईट, आत औषध आहेच ना भाऊ. नव्या कोऱ्या रिकाम्या व्हायल, रबरी बुचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं सील लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, १० एमएलच्या व्हायलला साधारण २० एमएम तोंडाचं सील लागतं, हाताने दाबायचं क्रिंपर एकदा घेऊन ठेवलं की वर्षानुवर्ष चालतं.

काचेचा अ‍ॅम्प्युल मात्र घरी सील करायला जाऊ नका. गॅसच्या ज्योतीवर काच वितळवणारे उत्साही लोक असतात, फुटतो आणि डोळ्यात जातो. त्यापेक्षा दवाबाजारातून इंजेक्शनच्या पाण्याचे काचेचे अ‍ॅम्प्युल आणा आणि त्यावर आपलं लेबल पूर्ण गुंडाळून लावा, मूळ लेबल खालून डोकावता कामा नये. फोडायचा सराव खरा होतो, बोटं कापायची पद्धतही खरीच, म्हणून गॉज आणि शार्प्सचा डबा बाजूला ठेवायचाच.

आता मापाची चूक, जी मला सगळ्यात जास्त खटकते कारण तिच्यामुळे अख्खं ट्रेनिंग वाया जातं. लोक काय करतात, एका मोठ्या बाटलीवर 'मॅगसल्फ' (मॅग्नेशियम सल्फेट) लिहितात आणि बोलतात दे लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस. एक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदर बाईला झटके येण्याची, खरी केस कशी असते पाहा. आपल्याकडे मॅगसल्फ ५० टक्क्याचं, २ एमएलच्या अ‍ॅम्प्युलमध्ये १ ग्रॅम. प्रिचर्ड रेजिमेनचा, म्हणजे हे औषध द्यायच्या एका ठरलेल्या पद्धतीचा, लोडिंग डोस म्हणजे ४ ग्रॅम शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. म्हणजे १४ अ‍ॅम्प्युल फोडायचे! शिरेतले ४ ग्रॅम म्हणजे ८ एमएल, त्यात १२ एमएल पाणी घालून २० टक्के करायचं आणि मग हळूहळू द्यायचं. हे बाईला झटके येत असताना करायचं आहे. बाटलीवाल्या ट्रेनिंगमध्ये हे काम तीस सेकंदात उरकतं, १४ अ‍ॅम्प्युल ट्रेमध्ये ठेवले की पोरींना कळतं की दोन जणी लागतात, एक फोडते एक ओढते, आणि कोणीतरी मोजत राहावं लागतं नाहीतर नववा की दहावा यावर भांडण होतं. सोबत कॅल्शियम ग्लुकोनेटचा १० एमएलचा डमी ठेवला नाही तर सीन अर्धवट, कारण मॅगसल्फ जास्त होऊन श्वास मंदावला की तेच द्यायचं असतं. हीच गोष्ट पोटॅशियम क्लोराईडची, १० एमएलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट, तसंच लिहा. एका एमएलची आणि अख्ख्या अ‍ॅम्प्युलची, दोन्ही ताकद लेबलवर पाहिजे, हिशेब पोरांना करू द्या.

इन्सुलिनचं वेगळं सांगतो. आपल्याकडे एका एमएलला ४० युनिटच्या व्हायलही आहेत आणि १०० च्याही, सिरिंज ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी. डमीवर नुसतं 'इन्सुलिन' लिहून ट्रेमध्ये मिळेल ती सिरिंज ठेवली तर तुम्ही पोरांना चूक करायलाच शिकवून राहिले. मुद्दाम दोन्ही ठेवा आणि कोण चुकीची उचलतं ते बघा. अ‍ॅट्रोपिन आणि अ‍ॅड्रेनालिन दोन्ही १ एमएलचे सारखे अ‍ॅम्प्युल असतात, तेही शेजारी शेजारी ठेवावे. सगळ्या डमींना वेगवेगळे छान रंग दिले की ट्रे देखणा दिसतो पण नाव वाचायची सवय लागत नाही.

रंगावरून आठवलं, लोकांना रंग घालायची भारी हौस असते, प्रत्येक औषधात खायचा रंग! बहुतेक इंजेक्शनं पाण्यासारखी असतात. आयर्न सुक्रोज मात्र गडद तपकिरी, तिथे इतवारीतल्या किराणा दुकानातला रंग कामी येतो, चहा घालू नका, दोन दिवसात वर बुरशी. आणि रंगीत काहीही मॅनिकिनच्या हातात टोचायचं नाही, कातडी कायमची डागाळते, बिटाडिननेही तेच होतं. मॅनिकिनच्या नळ्यांत बोअरचं पाणीही नको, क्षार बसतात आणि मग शीर चालत नाही म्हणून कंपनीला फोन. डिस्टिल वॉटर वापरा, सीन संपला की नळ्या धुऊन हवा भरून कोरड्या करा.

प्रोपोफोल, म्हणजे भुलीचं औषध, पांढरं दिसायला पाहिजे म्हणून दूध घालणं ही जुनी युक्ती आहे आणि मे महिन्यात, नवतपा चालू असताना, ४५ च्या वर पारा गेलेला, लॅबचा एसी रविवारी बंद, सोमवारी बाटली उघडली की सगळे बाहेर पळतात. पांढरा पोस्टर कलर घातला तर तासाभरात खाली बसतो. कॉफीत घालायच्या पांढऱ्या पावडरची चिमूटभर कोमट पाण्यात गाळून घ्या, त्याच दिवशी वापरा, संध्याकाळी ओता. साठवून ठेवण्यासारखा प्रोपोफोलचा डमी घरी बनत नाही, हे मान्य करून टाका.

पावडरच्या व्हायलचंही असंच. सेफ्ट्रियाक्सोन (अँटिबायोटिक) म्हणून मैदा किंवा कॉर्नफ्लोर भरतात, पाणी घातलं की गोळे आणि सुई बंद. पिठीसाखरेला मुंग्या. खायचा सोडा चालतो, पण १०० एमएल पाण्यात तो जेमतेम ९-१० ग्रॅम विरघळतो, म्हणजे १० एमएलमध्ये १ ग्रॅम टाकला तर काठावरच, तळाला थोडा राहणार आणि पोरं हलवत बसणार. अर्धा ग्रॅम पुरे. पावडर गळ्याला चिकटली असेल तर बुच नीट बसत नाही, आधी कोरड्या कापडाने पुसा. हे द्रावण मॅनिकिनमध्ये जाणार असेल तर नंतर साध्या डिस्टिल वॉटरने नळ्या धुवायच्याच.

लेबल इंकजेटवर काढलं की स्पिरिट स्वॅब लागताच शाई पसरते. सीताबर्डीच्या कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट स्टिकर शीटवर काढून आणा, वरून पारदर्शक टेप. कंपनीचं नाव, लोगो छापू नका, जेनेरिक नाव बास. एक्स्पायरी डेट मात्र छापा, आणि पुढची छापा. बऱ्याच लॅबमध्ये २०१९ ची तारीख असलेल्या व्हायल फिरत असतात आणि सर सांगतात, 'तारखेकडे लक्ष देऊ नका.' वाहवा! तपासायचं शिकवायचं होतं ना?

शेवटी मोजणी. वॉर्डात जाऊन सिम्युलेशन घेत असाल तर डमी वेगळ्या झाकणाच्या डब्यात न्या, किती नेले ते लिहा, परत किती आले ते लिहा, वापरलेले रिकामे नगसुद्धा मोजा. आकडा जुळत नसेल तर इन्चार्जला सांगून ट्रे, फ्रिज, ट्रॉली, एप्रनचे खिसे सगळं शोधा, सापडेपर्यंत. डमी इन्सुलिन वॉर्डाच्या फ्रिजमध्ये 'पाच मिनिटासाठी' सुद्धा ठेवायचं नाही. डमी मॉर्फिन, फेंटानिल, म्हणजे कुलपात ठेवायची नशेची वेदनाशामकं, बनवलं असेल तर त्याचा वेगळा रजिस्टर ठेवा, कारण ते हरवलं तर खरं हरवल्यासारखीच पळापळ होते, आणि सापडलं तर कोणी ते खरं समजून वापरेल ही भीती असतेच.