जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन : ‘डायरेक्ट’ करण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की मला ठरलेले फोन येतात. ‘गाडी तापतेय, फॅन लागत नाही, मोटर बदलू का?’ मी म्हणतो, थांब, आधी सप्लाय बघ. चार दिवसांनी पुन्हा फोन: ‘मोटर नवी टाकली, तरी लागत नाही.’ बघायला सांगितलं होतं, बदलायला नाही. पण बघायला अर्धा तास लागतो आणि मोटर दुकानात लगेच मिळते, त्यामुळे माणसं दुकानात जातात.

मी काही मेकॅनिक नाही. माझ्याकडे १९९७ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे आणि तिच्यापायी जे शिकलो ते नातेवाइकांच्या गाड्यांवर वापरतो. खालच्या चुकांपैकी दोन मी स्वतः केल्या आहेत.

कधी तापते, हे न विचारणं

गाडी सिग्नलला, घाटातल्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की तापमानाचा काटा खाली येतो, तर फॅनवर संशय घ्या. साठ-सत्तरच्या वेगाला समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, तिथे फॅनचं फारसं काम नसतं. हायवेवर ऐंशीच्या वेगात काटा चढत असेल, तर फॅनला हात लावू नका. रेडिएटर चोंदलाय, पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व) अडकलाय, वॉटर पंप गेलाय किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) उडालंय. एवढा एक प्रश्न विचारला असता तर मला येणारे निम्मे फोन आले नसते.

आणखी एक गंमत. पुष्कळ गाड्यांत फॅन चालू करणारा थर्मो स्विच रेडिएटरच्या टाकीत बसवलेला असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळतंय आणि रेडिएटर मात्र गार, असं होतं. स्विचला बिचाऱ्याला काही कळतच नाही, फॅन लागत नाही आणि आळ फॅनवर येतो. पाणी कमी होऊन स्विच कोरडा पडला, तरीही तेच. म्हणून रेडिएटरचा वरचा पाइप आणि खालचा पाइप हाताने चाचपायची सवय लावा. वरचा चटका देतोय आणि इंजिन पूर्ण तापूनही खालचा गारच आहे, तर पाणी फिरत नाहीये.

‘डायरेक्ट’ करणं

आता माझा आवडता शत्रू. फॅन लागत नाही म्हटल्यावर गॅरेजवाला थर्मो स्विच, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), सगळं बाजूला ठेवतो, इग्निशनमधून एक वायर ओढतो आणि मोटरला जोडतो. चावी फिरवली की फॅन सुरू. गिऱ्हाईक खूश, पाच मिनिटांत काम, दोनशे रुपये. थोडा जास्त हौशी असेल तर डॅशबोर्डखाली एक बटण देतो. बटण दाबायचं लक्षात कोण ठेवणार? ज्या दिवशी बायको गाडी नेते, त्या दिवशी कोणीच नाही.

माझ्या आतेभावाच्या गाडीत असं ‘डायरेक्ट’ केलेलं होतं. मे महिना, साताऱ्याला लग्न, पुण्याहून निघालेले पाच जण, एसी फुल. खंबाटकी घाटात एक ट्रक बंद पडला होता आणि गाड्या इंचाइंचाने सरकत होत्या. त्या गॅरेजवाल्याने वापरलेली वायर दिवाळीच्या माळेला शोभावी इतकी बारीक होती. लहान गाडीचा फॅन चालताना आठ-दहा अँपिअर सहज ओढतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटी-तिपटीने. मध्ये फ्यूज नाही. जोड म्हणजे दोन टोकांना पीळ मारून वर काळी टेप. तो पीळ तापत गेला, टेप वितळून गळली, जोड सुटला आणि फॅन थांबला. आत गाणी चालू असल्याने फॅनचा आवाज बंद झाल्याचं कुणाला कळलं नाही. जळकट वास आला तेव्हा मामी म्हणाल्या, पुढच्या ट्रकचा असेल.

बोनेटमधून वाफ आल्यावर आमच्या बंधुराजांनी एकामागोमाग दोन गुन्हे केले. टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण उघडलं, आणि मग तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतलं. झाकणाचं काम सांगतो: साधारण ०.९ बारच्या दाबाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उकळून वर उसळतं. त्याचं तोंड बाजूला होतं म्हणून मनगटावर भागलं. गार पाण्याचं बिल नंतर आलं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलं, महिनाभरात रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसायला लागले, हेड उतरवून फेस मारून (घासून सपाट करून) घ्यावं लागलं, नवं गॅस्केट. पाच आकडी खर्च.

मुद्दा पुढे आहे. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर मी तो मूळ थर्मो स्विच बघायला घेतला. स्विच ठणठणीत होता. त्याच्या कनेक्टरमध्ये एका पिनेवर हिरवा गंज चढला होता, बाकी काही नाही. पॉलिश पेपरची बारीक पट्टी, जुना टूथब्रश, थोडं व्हॅसलिन. दहा मिनिटं. त्या स्विचवर गाडी आजही चालते.

‘डायरेक्ट’वाले अनेकदा सोबत थर्मोस्टॅटही काढून फेकतात: ‘व्हॉल्व काढून टाका, आपल्याकडे गरजच नाही.’ मग इंजिन धड गरम होत नाही, गाडी पेट्रोल जास्त पिते, आणि डायरेक्ट केलेला फॅन दिवसभर फिरून मोटरचे कार्बन (तिला आत करंट पोचवणारे ब्रश) झिजतात. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, फॅन नव्वदीच्या मध्यावर लागतो आणि पाचेक अंश उतरला की बंद होतो. ही साखळी कुणीतरी विचार करून बांधली आहे. तिच्यातली एक कडी गंजली तर ती घासा.

सप्लाय कुठे तुटतो हे न शोधणं

माझी पद्धत सांगतो, पुस्तकात वेगळी असेल. जुना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, टोकांना मगरचिमटे. हा माझा टेस्टिंग बल्ब. मल्टिमीटर आहे माझ्याकडे, पण गंजून एका तारेवर टिकलेली वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते आणि माणूस फसतो. बल्ब खरा करंट ओढतो, म्हणून त्या वायरीवर तो मिणमिणतो.

क्रम असा. फॅनच्या मोटरचा कनेक्टर काढा आणि बॅटरीवरून मोटरला थेट सप्लाय द्या, मध्ये फ्यूज घालून. (तपासणीपुरतं डायरेक्ट, तेवढं मला मान्य आहे.) मोटर फिरली तर ती निर्दोष, दुकानात जाऊ नका. मग थर्मो स्विचचा कनेक्टर काढून, चावी ऑन करून, त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन लागला तर स्विच किंवा त्याची पिन. नाही लागला तर फ्यूज, रिले, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला केलेली जोडणी). रिलेसाठी शेजारचा हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात उत्तर मिळतं. रिले ‘टक’ करतो म्हणून चांगला असं समजू नका. टक होतं ते कॉइलमुळे, आतले पॉइंट जळलेले असू शकतात. काही जुन्या गाड्यांत रिले नसतोच, सगळा करंट स्विचमधून जातो आणि स्विच लवकर जातो.

हे सगळं साध्या थर्मो स्विचच्या गाड्यांचं. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाड्यांत बहुधा फॅन कधी लावायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तिथे सेन्सरच्या वायरी जोडत बसू नका. इंजिन चालू ठेवून कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढला, तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन लावतो. लागला, तर फॅन, रिले, वायरिंग ठीक.

अर्थिंगबद्दल एकच सांगतो: त्या तिघांत आधी अर्थिंग. दहा नंबरचा पाना, बॉडीवरचा तो गंजका बोल्ट, खाली पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. जुन्या गाडीचं निम्मं इलेक्ट्रिकल दुखणं त्या बोल्टखाली असतं.

उलटा फिरणारा फॅन

ही माझी स्वतःची. मोटरचे कार्बन खरंच संपले होते. टपली मारली की फिरायची, सोडली की थांबायची, हे कार्बन संपल्याचं हमखास लक्षण. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मोटर आणली. कनेक्टर वेगळा होता म्हणून वायरी कापून जोडल्या. रंग जुळत नव्हते. म्हटलं, मोटर आहे, फिरल्याशी मतलब. फिरली. चांगली घरघरत फिरली.

तीन दिवस गाडी फक्त सिग्नलला तापत राहिली. स्विच बदलला, झाकण बदललं, रेडिएटर रॉडिंगला (नळ्या सळईने साफ करायला) न्यायचं ठरवलं. तिसऱ्या संध्याकाळी सोसायटीत गाडी उभी करून बघत बसलो होतो. जाळीवर पिंपळाचं एक वाळकं पान अडकलेलं. फॅन लागला आणि पान चिकटून बसायच्या ऐवजी उडून माझ्या पायाशी आलं.

त्या मोटरीत कायमचे चुंबक असतात. दोन वायरी उलट जोडल्या की ती उलटी फिरते. फॅन वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलत होता. चालत्या गाडीचा वारा त्याला हरवायचा, उभ्या गाडीत मात्र इंजिनाचीच गरम हवा परत रेडिएटरमध्ये. तेव्हापासून मी वहीचा एक कागद जाळीसमोर धरतो. फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. यूट्यूब बघून उत्साहाने वायरी कापणाऱ्या पोरांना मी आधी हा कागद देतो. ती हसतात. हसू दे.

बाकीच्या, थोडक्यात

फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं. फ्यूज उडतोय कारण बहुधा मोटर जाम होत चाललीय, हाताने पातं फिरवून बघा.

टेम्परेचर काट्याचा सेन्सर हाच फॅनचा स्विच समजून बदलणं. बहुतेक जुन्या गाड्यांत दोन्ही वेगळे असतात.

फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर ‘आवाज करतं’ म्हणून काढून ठेवणं. त्याच्याशिवाय फॅन स्वतःभोवतीचीच हवा ढवळतो.

वॉशिंगवाल्याला प्रेशर गन जवळून मारू देणं. फिन्स (रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) झोपतात, मग हवा जात नाही. नळाचं पाणी, मागून पुढे, सावकाश.

बोअरचं पाणी ओतणं. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घ्या. बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मग रॉडिंग.

थर्मो स्विच घरच्या चहाच्या पातेल्यात उकळून तपासणं. तपासा जरूर, पण भंगारातलं भांडं घ्या. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. शिवाय पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ला, त्यामुळे थोडा जास्त अंशांचा स्विच चांगला असूनही उकळत्या पाण्यात लागणार नाही. स्विचवरचा आकडा वाचून मग फेका.

आणि चावी काढलीय म्हणून फॅनमध्ये बोटं घालणं. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन लागतो. हात घालायच्या आधी कनेक्टर काढा. हे मी डाव्या हाताच्या मधल्या बोटावरून सांगतोय.

दुरुस्ती झाल्यावर लोक फॅन एकदा लागलेला बघतात आणि घरी जातात. मी एसी बंद ठेवून, बोनेट उघडून, गाडी आयडलला सोडतो आणि शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी काटा निम्म्याच्या जरा वर जातो, फॅन लागतो, मिनिट-दोन मिनिटांत बंद होतो. लागला आणि बंदच होईना, तर रेडिएटर बघायचा. नीट बंद झाला तर आणखी एक फेरी, मग आणखी एक. तीनदा लागून तीनदा बंद झाला की बोनेट लावायचं आणि खुर्ची आत न्यायची.