आधी दगड, मग वाळू: म्बुनांची टाकी कशी लावावी

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ काठाला राहणाऱ्या सिक्लिड कुळातल्या माशांना तिथले टोंगा लोक 'म्बुना' म्हणतात, म्हणजे खडकातले मासे. दगडावरचं शेवाळ खरवडून खायचं, दगडाच्या फटीत लपायचं आणि त्या फटीसाठी भांडायचं, असं यांचं आयुष्य. म्हणून टाकी लावताना सगळ्यात जास्त वेळ दगडांना द्या.

माझी पहिली टाकी मी उलटी लावली होती. आधी वाळू पसरली, वर दगड रचले. हे मासे दिवसभर तोंडाने वाळू उकरतात. महिन्याभरात एका दगडाखालची वाळू निघून गेली, रात्री दगड घसरला आणि तळाच्या काचेला तडा गेला. सकाळी हॉलभर पाणी. पाच मासे गेले, त्याचं आजही वाईट वाटतं.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच घ्या. अडीचशे लिटर पाणी आणि वर दगड, म्हणजे चारशे किलोच्या आसपास वजन होतं. लोखंडी स्टँड भिंतीलगत ठेवा, लेव्हल तपासा, काचेखाली थर्माकोल घाला.

दगड आपल्याकडे फुकट मिळतो. मी साताऱ्याची, मामांच्या शेतात विहीर खणताना निघालेला काळा पाषाण टेम्पोतून आणला. हा दगड पाण्यात विरघळत नाही, पाण्याचा गुण बदलत नाही आणि धारदार कडांमुळे एकमेकांवर घट्ट बसतो. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण रचले की घरंगळतात. पितळेसारखी चकाकी असलेला दगड मात्र बाजूला टाका. साबण न लावता ब्रशने घासून दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

आता रिकाम्या टाकीत तळाला फोमची पातळ शीट अंथरा आणि सर्वांत जड दगड थेट तिच्यावर ठेवा. वरचा दगड खालच्यांवर तीन ठिकाणी टेकला पाहिजे. प्रत्येक थरानंतर तळहाताने ढकलून बघा. जरा जरी डुलला, तर काढून पुन्हा बसवा. मागच्या काचेपासून दोन-तीन इंच जागा सोडा, नाहीतर तिथे घाण साचते. मूठ जाईल अशा गुहा हव्यात, तशाच नुसतं बोट जाईल अशा फटीही. मध्ये एक ढीग उंच न्या, म्हणजे एका टोकाच्या नराला दुसऱ्या टोकाचा नर दिसत नाही आणि भांडण कमी होतं. मला यात पूर्ण रविवार गेला. शेवटी धुतलेली वाळू दगडांभोवती दोन इंच ओता.

पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा, ७.८ ते ८.६ हवा. धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. फिल्टरमध्ये धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा पिशवीत घालून ठेवला की पीएच टिकतो. क्लोरीन काढायचं औषध घाला. तापमान २४ ते २६ अंश. साताऱ्याच्या थंडीत ३०० वॅटचा हीटर लागतोच.

मासे लगेच सोडू नका. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि अशा अल्कलीयुक्त पाण्यात अमोनिया जास्त विषारी असतो. पाणी तपासायच्या किटने अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य आले, की पंधरा-वीस पिल्लं एकदमच सोडा. गर्दीत मार एकाच माशावर बसत नाही. म्बुनांपैकी पिवळे लॅब आणि रस्टी या जाती सुरुवातीला उत्तम. ऑराटस ही जात नकोच, मोठा झालेला नर इतरांना जगू देत नाही. एका नराला तीन-चार माद्या ठेवा. दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला.

खायला स्पिरुलिना या शेवाळाच्या गोळ्या, अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच घाला. मांसाहारी खाद्याने पोट फुगून मासा दगावू शकतो.

एखादी मादी खायला येईनाशी झाली आणि तिचा गळा फुगलेला दिसला, तर घाबरू नका. तिच्या तोंडात अंडी आहेत. साधारण तीन आठवडे ती उपाशी राहते. तिला जाळीने पकडू नका, घाबरून अंडी थुंकते. आमच्याकडचं पहिलं पिल्लू सासऱ्यांना दिसलं, सकाळच्या चहाच्या वेळी, डाव्या ढिगातल्या बोटभर फटीत. पिवळं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं.