जुन्या मोटारसायकलसाठी ब्रेक होज बनवून घेताना

बेळगावात होज, म्हणजे दाबाखालचा द्रव वाहून नेणारी लवचीक नळी, टोके प्रेस करून बनवून घेणे जितके सोपे आहे, तितके फार थोड्या शहरांत असेल. उद्यमबाग आणि मच्छे भागात हायड्रॉलिक्सचा धंदा चांगलाच रुजलेला आहे. उसाच्या ट्रॉलीचा किंवा जेसीबीचा होज फुटला, की माणूस जुना तुकडा घेऊन दुकानात जातो आणि थोड्याच वेळात नवा घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे जुन्या गाडीचा ब्रेक होज बाजारात मिळेनासा झाला, की आपल्याकडच्या मंडळींना पहिल्यांदा तेच दुकान आठवते. मलाही तेच आठवले होते, म्हणून आधी त्यातला धोका सांगतो.

अडचण दाबाची नाही. ट्रॉलीला लागणारा, तारेच्या दोन जाळ्यांचा पाव इंची होज ४०० बारपर्यंतचा दाब पेलतो. अडचण आहे रबराची. त्या होजच्या आतले रबर बहुधा नायट्राइल असते आणि ते खनिज तेलासाठी बनवलेले असते. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते डॉट ३ किंवा डॉट ४ मुळात तेल नसून ग्लायकॉलवर आधारित द्रव असतो आणि तो नायट्राइलला फुगवून मऊ करतो. उलट, मास्टर सिलिंडर (हँडलवरचा, लिव्हरने दाबला जाणारा पंप) आणि कॅलिपर (चाकाजवळ डिस्कला पकडणारा भाग) यांच्यातली रबरे ईपीडीएम या वेगळ्या जातीच्या रबराची असतात. त्यांना ब्रेक ऑइल चालते, खनिज तेलाचा थोडासा अंशही चालत नाही.

माझ्या राजदूत ३५० वर मूळचा ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेकचा शॉकअप (पुढचा फोर्क) बसवलेला आहे. तिच्यासाठी मी योग्य जातीचा होज बाहेरून मागवला आणि फक्त टोके इथल्या एका दुकानात प्रेस करून घेतली. दुकानदाराने आपुलकीने तो होज टेस्ट बेंचवर लावून दाब देऊन दाखवला. बेंचमध्ये हायड्रॉलिक ऑइल होते, हे माझ्या लक्षात आले नाही. काही दिवसांनी चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना पुढचा ब्रेक दाबला, तो सुटेचना. घरी आल्यावर मास्टर सिलिंडरवरचा ब्रेक ऑइलचा डबा, म्हणजे रिझर्व्हॉयर उघडला, तर झाकणाखालचा रबरी पडदा वाढून त्याच्या कडेला लाटा पडल्या होत्या, आणि पिस्टनवरचे रबरी वॉशर भिजवलेल्या वाटाण्यासारखे टरारून फुगले होते. फुगलेल्या वॉशरने द्रव परत येण्याचे बारीक छिद्र झाकून टाकले, म्हणून ब्रेक धरून राहिला. आतली सगळी रबरे बदलावी लागली. होज इथे प्रेस करून घ्यायचाच असेल, तर बेंचवर लावू नका असे आधी बजावून सांगावे. माझे स्पष्ट मत विचाराल, तर फक्त ब्रेक होजचेच काम करणाऱ्याकडून पूर्ण तयार नग मागवावा.

मागवताना आत टेफ्लॉनची नळी, वर स्टेनलेस स्टीलची जाळी आणि तिच्यावर प्लास्टिकचे आवरण असलेला, सुमारे ३.२ मिलिमीटर आतल्या व्यासाचा होज मागावा. एसएई जे१४०१ या मानकाप्रमाणे तो बनवला आहे का, हेही विचारावे. आवरणाचा आग्रह सोडू नये, कारण उघडी जाळी कानशीसारखी काम करते आणि टाकीचा किंवा मडगार्डचा रंग महिनाभरात खरवडून काढते.

मापाला घाई करू नये. जुना होज टेबलावर ताणून मोजणे पुरेसे नाही, कारण जुन्या गाडीचे हँडल किंवा शॉकअप कधी ना कधी बदललेला असतो. इंजिनाखाली जॅक लावून पुढचे चाक उचलावे, म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होतो. वीजवाल्याकडची जाड वायर मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत होज जिथून जाणार त्याच वाटेने न्यावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे ताणत नाही ना, ते पाहावे. मग जॅक काढून शॉकअप दाबावा आणि वायर चाकाला किंवा डिस्कला लागत नाही ना, तेही पाहावे. लांबी नेहमी एका टोकाच्या बँजोच्या (बोल्ट आरपार जातो त्या कडीसारख्या टोकाच्या) भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये लिहावी. दोन्ही टोकांचे कोन, आणि एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत किती फिरलेले आहे, हे पुठ्ठ्यावर काढून त्याचा फोटो पाठवावा. टेफ्लॉनच्या होजला पीळ सोसत नाही, त्यामुळे कोन चुकला तर बोल्ट आवळताना तो पिळला जातो आणि टोकाशी मुडपतो.

बँजो बोल्टच्या आट्यांबाबत अंदाजावर जाऊ नये. जपानी पद्धतीच्या बहुतेक ब्रेकला १० मिलिमीटर बोल्ट आणि १.२५ मिलिमीटरची पिच (दोन आट्यांमधले अंतर) असते, ब्रेम्बोसारख्या युरोपीय ब्रेकला १.०० ची, तर जुन्या ब्रिटिश लॉकहीडला तीन-अष्टमांश इंचाचे यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे असतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे आत जातो आणि बसला असे वाटते, पण पुढे आवळला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. लेथवाल्याकडे पिच गेज असतो, त्याच्याकडून मोजून घ्यावे.

परदेशात गुडरिज आणि हेल या इंग्लंडमधल्या कंपन्या मापाप्रमाणे होज बनवतात, पण पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरून हिशेब करावा. आपल्याला सोयीची बाब म्हणजे बेळगाव पुणे-बेंगळूरु महामार्गावर आहे. पुण्यातली नाना पेठ आणि बेंगळूरुतला जे.सी. रोड या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दोन्ही बाजारांत चौकशी करता येते आणि पार्सल रात्रीच्या बसने सकाळी हातात पडते. आपल्या मापाशी जुळणारा दुसऱ्या एखाद्या चालू मॉडेलचा तयार होज मिळाला, तर बनवून घेण्याची गरजच नाही.

बसवताना बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालावेत. १० मिलिमीटरच्या स्टीलच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर आवळ पुरते, तरी गाडीचे मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा खरा. नव्याने फोडलेल्या डब्यातले डॉट ४ भरून हवा काढावी, कारण हे द्रव हवेतला ओलावा ओढते आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात अर्धवट वापरलेला डबा लवकर निकामी होतो. हवा काढल्यावर लिव्हर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने दाबून रात्रभर बांधून ठेवावा आणि सकाळी दोन्ही बँजोंवरून पांढरे फडके फिरवावे. फडके कोरडे निघाले, तरच गाडी रस्त्यावर काढावी, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर तेच फडके पुन्हा एकदा फिरवावे.